समईजवळची बादली

मदिनत खलीफा, दोहा
२० सप्टेंबर २०२४

काकू,

लांबून, पण वाकून नमस्कार.

फोनवर तू "काय? काय? मोठ्यानं बोल" म्हणतेस आणि मी घसा फोडून फक्त "जेवले गं" एवढंच सांगू शकते. तुझं कानयंत्र मध्येच शिट्टी मारतं, ते वेगळंच. म्हणून आजपासून पत्र. मी लिहीन आणि फोटो काकांच्या मोबाइलवर पाठवीन. तू हातानं उत्तर लिही, काका त्याचा फोटो पाठवतील. काकांना सांग, पत्राचा फोटो काढा, अंगठ्याचा नको.

घर छान आहे. काका इथल्या दुखानला तेलाच्या कंपनीत होते तेव्हा त्यांचे ते हेल्मुटसाहेब होते ना, त्यांचा मुलगा योर्ग. तोही इंजिनियर. बायको उटे, ती इथल्या जर्मन शाळेत शिकवते. आणि फ्रीडा, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. मला होस्टेल मिळालं नाही म्हणून काकांनी एक फोन केला काय आणि या लोकांनी वरची खोली रिकामी करून दिली काय! वडिलांच्या मित्राची पुतणी, एवढंच नातं. आपल्याकडेसुद्धा हल्ली कोण करतं गं?

पण शिस्त! रात्री स्वयंपाक नाही. ब्रेड, चीज, काकडी, खलास. कचऱ्याचे चार डबे, आणि मी चहाची पिशवी चुकीच्या डब्यात टाकली की फ्रीडा ती बाहेर काढून माझ्यासमोर धरते. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मोठा आवाज करायचा नाही. आणि पहिल्याच दिवशी उटेनं मला समोर बसवून सांगितलं, "या घरात पेटलेली ज्योत एकटी सोडायची नाही. मेणबत्ती, अगरबत्ती, काहीही. माणूस खोलीबाहेर, तर ज्योत बंद." मी मान हलवली. उदबत्तीचा पुडा बॅगेतच ठेवून दिला.

कॉलेज जोरात आहे. समुद्राचं पाणी गोडं करायचं तंत्र शिकायला आले आणि पहिल्या महिन्यात नुसतं गणित! पण आवडतंय. तू मागे लागली नसतीस तर मी नाशिकलाच एखादी नोकरी धरून बसले असते. आई-बाबांच्या माघारी तू मला वाढवलंस, आणि वर ढकलून बाहेरही काढलंस.

तुझी,
ईश्वरी


नाशिक
२५ सप्टेंबर

चि. ईश्वरी,

पत्र पोचलं. आधी मोबाइलवर वाचलं, मग काकांना कोपऱ्यावर पिटाळून कागदावर छापून आणवलं. या उत्तराच्या फोटोत अंगठा नाही, बघ.

काकडी आणि ब्रेड खाऊन माणसं जगतात कशी? डाळ-तांदूळ लावत जा स्वतःपुरते. जर्मनांचं म्हणशील तर शिस्त चांगलीच असते. तुला तिची गरज होती. इथे तुझा टॉवेल आठवडाभर खुर्चीवर असायचा.

आता कामाचं. या नवरात्रात आम्ही घरी नाही. धवल फार मागे लागला आहे, बंगळूरला या म्हणून. इतकी वर्षं लेकानं कधी बोलावलं नाही, आता बोलावतो आहे तर जाऊ म्हणते. पण आपला अखंड दिवा आजवर कधी चुकलेला नाही. मी या घरात आले त्याच्याही आधीपासून. तू या घरची लेक, तू लावलास तरी देवीला पोचतो. घट मांडू नकोस, माती-गहू कुठून आणशील? नुसती समई आणि रोज एक माळ. पहिल्या माळेपासून दसऱ्यापर्यंत तेवत ठेव. काजळी काढताना आधी दुसरं निरांजन लावून घे, म्हणजे हात हलला तरी ज्योत हाताशी राहते.

समई कुठून आणू म्हणशील. तुझ्या मोठ्या बॅगेत तळाशी, निळ्या शालीत गुंडाळून छोटी समई ठेवली आहे. दोहात शाल कशाला म्हणून तू ती अजून उघडलीही नसशील.

बाकी सगळं छान. काळजी नसावी.

काकू


(काकांचा वेगळा मेसेज, त्याच दिवशी)

ईश्वरी बेटा,

हे तुझ्या काकूला कळता कामा नये. बंगळूर वगैरे काही नाही. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे. आठ ऑक्टोबरला ऑपरेशन, इथेच नाशिकला. धवलच इकडे येतो आहे. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं जोखीम आहे, पण थांबण्यात जास्त आहे.

ती ऑपरेशनला एका अटीवर तयार झाली: घरचा दिवा चुकता कामा नये आणि तुला कळता कामा नये. पहिलं तुझ्या हातात आहे. दुसरं मी आत्ताच मोडलं. इतकी वर्षं वाळवंटात मशिनं सांभाळली, पण हे गुपित काही मला सांभाळता येईना.

तू यायचं नाहीस. आलीस तर तिला कळेल आणि ती टेबलावरून उठून जाईल. तिला ओळखतेस ना?

अनंतकाका


दोहा
६ ऑक्टोबर

काका,

हे तुम्हालाच लिहिते आहे. काकूला दाखवू नका.

दिवा गेला.

पहिल्या माळेला मी खोलीत खिडकीखाली समई लावली. एसीच्या झोतानं ज्योत फडफडायची म्हणून एसी बंद केला. ऑक्टोबरात दोहात एसी बंद म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. उटेला मी फक्त "आमचा सण आहे, खोलीत पूजा करते" एवढंच सांगितलं होतं. ज्योतीचं बोललेच नाही. कॉलेजला जाताना दार ओढून घ्यायची आणि दिवसभर जीव टांगणीला.

आज दुपारी उटेला जिन्यात तेलाचा वास आला. तिनं दार उघडलं, तर पडद्यापासून हातभर अंतरावर ज्योत. तिनं फुंकर मारली. मी परत आले तेव्हा ती दारातच उभी होती, पांढरीफटक. "तू मला नाही विचारलंस," म्हणाली. रागावली नव्हती, घाबरली होती. शेजारच्या खोलीत फ्रीडा झोपली होती हो. चूक माझीच होती. पण समईची काळी वात बघितली आणि मी जमिनीवर बसून लहान मुलीसारखी रडले. परवा काकूचं ऑपरेशन आणि आज मी हे करून बसले!

मग सगळं सांगितलं. काकू, झडप, अट, बॅगेतली शाल. काका, मी ऑगस्टमध्ये निघाले. समई तेव्हाच बॅगेत होती. म्हणजे काकूला तेव्हाच माहीत होतं ना? मी जाणं रद्द करीन म्हणून ती गप्प बसली. मला निरोप द्यायला विमानतळापर्यंत आली, माझी बॅगसुद्धा उचलायला गेली होती.

उटे म्हणाली, तिच्या लहानपणी नाताळच्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे. शेजारी पाण्याची बादली, आणि घरातलं एक माणूस पहाऱ्याला बसलेलं. माणूस बसलं नाही तर मेणबत्ती लागायची नाही. "माझा नियम मी मोडणार नाही," म्हणाली, "पण तुझा दिवाही मोडायचा नाही. ज्योत एकटी राहायला नको, एवढंच ना? मग ती एकटी राहणार नाही." आणि तिनं विचारलं, "मी विझवला, मी लावला तर चालेल का?"

मी काडेपेटी तिच्या हातात दिली.

काका, अखंड दिवा खंडला तो खंडलाच. हे काकूला सांगायचं की नाही, तुम्हीच सांगा. मला सांगवत नाही. परवाचं सगळं नीट होऊ दे, एवढंच मागते.

ईश्वरी


दोहा
७ ऑक्टोबर

काकू,

बंगळूरची हवा कशी आहे? तिकडे गारठा असतो म्हणे, शाल घेऊन बस. धवलदादाला त्रास देऊ नकोस, आणि जे काय औषधपाणी असेल ते तो सांगेल तसं घे.

दिवा छान तेवतो आहे. आता तो खालच्या दिवाणखान्यात आहे, सगळ्यांच्या मध्ये. आमच्याकडे पाळ्या लागल्या आहेत! सकाळी शाळेला जाईपर्यंत उटे. मग योर्ग. त्यानं ऑफिसला सांगून टाकलं, हा आठवडा घरून काम करतो. समईसमोर लॅपटॉप मांडून मीटिंगा करतो. पलीकडून कुणीतरी विचारलं, मागे काय जळतं आहे, तर म्हणाला, "महत्त्वाचं काम चालू आहे, यल्ला, चला, पुढे बोला." दुपारी फ्रीडा गृहपाठाला बसते, मोठं माणूस शेजारी ठेवून. शेजारच्या अफशांबाजी (बाजी म्हणजे ताई) लाहोरच्या, उटेच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांना कळलं तर त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन स्वतःच आल्या. म्हणाल्या, "बेटी, चिरागाजवळ बसून तपासलेल्या वह्यांत मार्क जास्त पडतात." त्यांची मुलगी हनिया फ्रीडाच्या वर्गात आहे. दोघी मिळून माळ ओवतात. इथल्या केरळी दुकानात झेंडू मिळतो. कॉलेजहून आल्यापासून मी असतेच. रात्री मी आणि योर्ग वाटून घेतो.

समईच्या एका बाजूला निरांजन, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेली निळी बादली. उटेनं ठेवली आहे आणि ती हलवू देत नाही. मी म्हटलं, देवीसमोर बादली कशी ठेवायची? ती म्हणाली, "देवीलाही घर जळलेलं आवडणार नाही."

काकू, तू मला कधी कशाला नाही म्हणाली नाहीस. तू जे जे केलंस, त्यातलं मला निम्मंसुद्धा माहीत नाही, असं हल्ली वाटतं. आल्यावर सगळं ऐकायचं आहे मला. सगळं.

ईश्वरी


नाशिक
८ ऑक्टोबर

ईश्वरी,

झालं. नीट झालं. अजून गुंगीत आहे, पण डॉक्टर हसून बोलले. इतकं हसले म्हणजे बरंच असणार.

तुझं कालचं पत्र तिला सकाळी वाचायला दिलं. आत नेण्याआधी तिनं विचारलं, "दिवा आहे ना?" म्हटलं, आहे, चोवीस तास माणूस बसलेलं आहे. म्हणाली, "कोण, ती जर्मन?" म्हटलं, हो. त्यावर हसली आणि डोळे मिटले. धवल बाहेर रडला, मी नाही रडलो. म्हणजे नंतर रडलो.

उटेला आणि योर्गला माझा नमस्कार सांग. हेल्मुट आज असता तर तोही बसला असता, सिगार ओढत. उटेनं त्याला मात्र हाकलला असता.

अनंतकाका


नाशिक
४ नोव्हेंबर

चि. ईश्वरी,

हात अजून थोडा कापतो, अक्षर गोड मानून घे. बसून लिहिते आहे, काकांनी पाठीला तीन उशा लावल्या आहेत. चौथी आणत होते, मी ओरडले.

आता ऐक. बंगळूरचं नाटक पुरे. तू मला "औषधपाणी घे" लिहिलंस तेव्हाच कळलं, यांच्या तोंडात तीळ भिजलेला नाही. धडधाकट बाईला कुणी सहलीत औषध घ्यायला सांगतं का गं? यांना विचारलं, तर म्हणे, "मी फक्त तब्येतीचा विषय काढला." एवढा संसार झाला, पण यांना खोटं बोलायला काही मी शिकवू शकले नाही.

आता तुझं. दिवा विझला होता ना?

घाबरू नकोस. ज्या घरात ज्योत एकटी ठेवायची नाही असा नियम, त्या घरात तू खोलीत दिवा लावून कॉलेजला गेलीस, आणि चार दिवसांनी तोच दिवा दिवाणखान्यात, शेजारी बादली, आणि माणसांच्या पाळ्या? मध्ये काही घडल्याशिवाय? शाळेत तीस वर्षं पोरं सांभाळली आहेत मी. कोणी काय फोडलं, ते मला उरलेल्या तुकड्यांवरून कळतं.

मग काकांकडून सगळं वदवून घेतलं. विझवणाऱ्या बाईनंच पुन्हा लावला हेही कळलं. मला ते फार आवडलं. तू अखंड-खंड करत रडत बसलीस. अगं, इतकी वर्षं मी समई लावली, पण तिच्याजवळ सलग बसले कधी? तेल घातलं की स्वयंपाकघर, मग शाळा, मग पाहुणे. तुमच्या समईजवळ कुणी ना कुणी होतंच. माझ्या ओळखीपाळखीची नसलेली माणसं. मला आत नेलं तेव्हा भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांपुढे ती निळी बादली आली आणि हसू फुटलं. माणूस हसत आत गेलं की बरं असतं.

तुला आधी सांगितलं नाही, त्याबद्दल रागावू नकोस. सांगितलं असतं तर तू विमानात बसली नसतीस. तुझं शिक्षण माझ्या झडपेसाठी थांबलेलं मला चाललं नसतं.

एक काम कर. उटेची ओटी भर. नारळ, तांदूळ, हळदकुंकू, आणि एक खण. खण मी धवलच्या मित्राबरोबर पाठवते आहे, हिरवा, जरीकाठी. तिला सांग, हे तुझ्या घराला भरभरून मिळो म्हणून असतं. बाकी समजावत बसू नकोस. आणि अफशांबाईंना बेसनाचे लाडू.

काकू


दोहा
२० डिसेंबर

काकू,

ओटी भरली! उटेला मी पाटावर बसवलं. तिनं पदर कसा धरायचा विचारलं. पदर कुठला, मग तिनं स्वयंपाकाचा एप्रन पुढे धरला. तांदूळ पडू नयेत म्हणून श्वास रोखून बसली होती. कुंकू लावताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. फ्रीडा म्हणाली, "आता रडायचा भाग आहे का?" नारळाचं मात्र योर्गनं काय केलं असेल? ड्रिल मशीन आणून तीन भोकं पाडली, पाणी गाळून ग्लासात घेतलं आणि मगच फोडला.

खण उटेनं जपून ठेवला आहे, शिवणार नाही म्हणते. सध्या तो टेबलावर आहे आणि त्यावर त्यांची नाताळची माळ. माळ म्हणजे हिरव्या फांद्यांचं गोल कडं, त्यावर चार मेणबत्त्या. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक जास्त लावायची. दोहात आल्यापासून हे लोक बॅटरीच्या मेणबत्त्या लावत होते. इथे रविवारी ऑफिस-शाळा असते, पहाऱ्याला वेळ कुणाला? या वर्षी उटे स्वतःहून खऱ्या घेऊन आली. म्हणाली, आता आपल्याला बसायची सवय झाली आहे. संध्याकाळी सगळे बसतो. मोबाइल नाही, नुसतं बसायचं, बिस्किटं खायची, फ्रीडा बासरी वाजवते. फार वाईट वाजवते. बादली आहेच.

शेवटी त्या लोकांची मेणबत्तीला फुंकर मारायची पद्धत. पहिल्या रविवारी उटेनं गाल फुगवले, माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. म्हणाली, "तुमच्याकडे कसं करतात?" मी सांगितलं, फुलानं शांत करतो. आता फ्रीडा दर रविवारी झेंडू घेऊन सज्ज असते.

नोव्हेंबरात कंदिलांचा सण झाला. शाळेच्या अंगणात मुलं कागदाचे कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. गोष्ट अशी, की एका घोडेस्वारानं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला. फ्रीडा इथेच जन्मलेली, तिनं विचारलं, "झगा कशाला, पाणी का नाही दिलं?"

आणि डिसेंबरच्या सहा तारखेचं तर ऐकच. आदल्या संध्याकाळी मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात खाऊ. फ्रीडानं माझी कोल्हापुरी घासूनपुसून बाहेर ठेवली होती. सकाळी बघते तर चपलेवर अक्रोड, संत्रं आणि चॉकलेट! काकू, पायताणावर अन्न! माझा हात पुढेच होईना. फ्रीडा टक लावून बघत होती. शेवटी संत्रं सोललं आणि डोळे मिटून खाल्लं. पाप लागलं का गं?

परवा इथला राष्ट्रीय दिन होता. समुद्रकाठी माणसांचा पूर. फ्रीडा आणि हनियाच्या गालांवर झेंडा रंगवला होता. पोलीस घोड्यावर, उंट, विमानं आकाशात. हनियाच्या खांद्यावर झेंडा, फ्रीडाच्या खांद्यावर झेंडा, आणि आईस्क्रीम माझ्या ओढणीवर. मला वाटलं, ही सगळी कुठकुठची माणसं, आणि यांच्यातच मी. एकटी नाही वाटत आता.

ईश्वरी


नाशिक
१४ जानेवारी २०२५

चि. ईश्वरी,

तिळगूळ घे. माझ्याशी तू गोडच बोलतेस, इतरांशीही बोल.

चपलेवरच्या खाऊचं काकांना सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले. पाप कसलं? पोरीनं चप्पल घासूनपुसून ठेवली होती ना? आपण पादुकांवर फुलं वाहतोच की. तिनं तुझ्या चपलेला पादुका केलं, एवढंच. पुढच्या वेळी मात्र केळं मागून घे, सालीत असतं.

खण टेबलावर घातला हे वाचून आधी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, असू दे. चार मेणबत्त्या आणि माणसं भोवती, ही काही वाईट जागा नाही.

मी आता जिना चढते. काका मागून "हळू, हळू" म्हणत चढतात, त्यांचीच धाप लागते.

काकू


दोहा
१६ मार्च

काकू,

रमजान चालू आहे. मधल्या पौर्णिमेच्या सुमारास इथे मुलांचा एक सण असतो, गरंगाओ. दोन-तीन दिवसांपूर्वीच झाला. संध्याकाळी रोजा सुटला की मुलं नटूनथटून, गळ्यात रंगीत पिशव्या अडकवून दारोदार गाणी म्हणत जातात आणि लोक मूठमूठ सुकामेवा-गोळ्या घालतात. अफशांबाजींनी तिन्ही पिशव्या शिवल्या. तिसरी माझी! मी म्हटलं, बाजी, मी केवढी घोडी! त्या म्हणाल्या, "माँ के घर से दूर हो, तो बच्ची ही हो." दोहाबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावात त्यांच्या ओळखीचं कतारी कुटुंब राहतं, तिथेही गेलो. त्यांच्या आजीनं माझी पिशवी गच्च भरली आणि मी "शुक्रन" म्हटलं तर गालगुच्चा घेतला. मला आपला भोंडला आठवला, खिरापत ओळखायचा. फ्रीडाला शिकवणार आहे.

पण उटे आमच्याबरोबर आली नाही, बॅग भरत होती. हेच सांगायला आज बसले.

उटेची आई तिकडे जर्मनीत, कासेलजवळ एका गावात एकटी राहते. ऐंशी पार. गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. परवा मंगळवारी ऑपरेशन आहे. उटे काल विमानानं गेली. निघताना फ्रीडाच्या डब्याचं, कचऱ्याच्या डब्यांचं, सगळं मला समजावून सांगितलं. एकदम कोरड्या आवाजात. बॅग गाडीत गेली, योर्ग गाडीत बसला, आणि ती उलटी परत आली. दारात उभी राहिली.

म्हणाली, "तुझी काकू बरी आहे ना आता?" म्हटलं, हो. मग म्हणाली, "मी देवाचं काही मानत नाही, तुला माहीत आहे. पण तेव्हा तुझ्या काकूसाठी आम्ही बसलो होतो. माझ्या आईजवळ तिकडे मी एकटी असणार. कुठेतरी कुणीतरी बसलं आहे, एवढं माहीत असलं तर मला बरं वाटेल. असं विचारणं बरोबर आहे का?"

काकू, ही बाई कुणाकडे कधी काही मागत नाही. घरातलं मीठ संपलं तरी शेजारी जात नाही, दुकानात जाते.

मी इथे दिवा लावणारच आहे. पण तिनं तुझं नाव घेतलं, म्हणून विचारते, तूही लावशील का? तुझ्या छातीची जखम अजून भरून यायची आहे, जमिनीवर बसवत नसेल, मला कळतं. जमलं तरच. नाही जमलं तर मी तिला सांगेन की लावलाय.

ईश्वरी


नाशिक
१७ मार्च

चि. ईश्वरी,

"नाही जमलं तर सांगेन की लावलाय"? खबरदार! खोटं बोलायचं तर आपण एकमेकींशी बोलावं, त्या बाईशी नाही.

आज सकाळीच लावला. मंगळवारचं काम असलं तरी त्याच्या आदल्या दिवशीची भीती मला ठाऊक आहे. त्या दिवशी सोबत जास्त लागते. मोठी समई काढली, काकांनी चिंचेनं घासली, पहिल्यांदाच आयुष्यात. मला खाली बसवत नाही म्हणून देवघरासमोर खुर्ची टाकली आहे. देवीला म्हटलं, पाय खाली सोडून बसले आहे, चालवून घे.

पाळ्या लावल्या आहेत. मी दमले की काका बसतात. त्यांना नुसतं बसवत नाही, ते देवीला दुखानच्या गोष्टी सांगतात. हेल्मुट कसा वाळूत गाडी रुतवायचा ती तिसऱ्यांदा चालू आहे. संध्याकाळी शेजारची अनुजा येते निवडायची भाजी घेऊन. रात्री धवल. हो, धवल आला आहे. काल रात्री फोन केला, म्हटलं दोन रात्री दे, आणि आला लगेच. बंगळूरचं खोटं बोलले होते ना, ते असं खरं झालं, उलट्या बाजूनं.

उटेच्या आईचं नाव मला माहीत नाही. ते विचारून कळव. तोवर मी "उटेची आई" म्हणते, देवीला पत्ता सापडेल.

इतके दिवस मनात होतं, आभार मानायचे कसे. त्या बाईनं आपल्या घराचा नियम न मोडता माझा दिवा राखला, आणि मी एक खण पाठवून मोकळी झाले. आता तिनं मागितलं. माझ्यावर उपकारच केले, तिला सांग.

पाडव्याला म्हणे तुमच्याकडे ईदही असेल, चंद्र दिसला तर. अफशांबाईंना श्रीखंड दे, उटेसाठी राखून ठेव.

आज दूधवाला दारातून डोकावला. समईशेजारी निळी बादली बघून म्हणाला, "बाई, हे काय? गळतंय का वर?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, आमच्याकडे पद्धत आहे."

उटेला फोन करशील तेव्हा नीट, सावकाश सांग. दिवा लावला आहे. पाणी भरून ठेवलं आहे. आणि दिवा एकटा नाही.

काकू